कुसळाखालचं पातं

शेणाबद्दल मले कोणी काही शिकवू नये, असं मी त्या कॉलेजच्या पोरीले पहिल्याच दिवशी तोंडावर सांगतलं होतं. जळो माह्यं तोंड. पस्तीस वर्षं ढोरांच्या मांगं टोपलं घेऊन फिरली, म्हणून एवढा ताठा.

नवऱ्याचं नाव घ्याची आमच्यात रीत नाई, पण गोष्ट सांगाची तर घ्याच लागते. जानराव. एक वार घेतलं तर आता घेऊनच टाकते, देव माफ करीन. जानराव गावचे ढोरकी. त्यायचा बापही ढोरकीच होता. सकाळी सारं गाव आपापली ढोरं आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर आणून सोडते. जानराव ती गायरानात नेतात अन् दिवस बुडता वापस आणतात. आमचं गाव संग्रामपूरच्या वरतं, सातपुड्याच्या पायथ्याशी. गायरान शंभर एकराच्या वर हाये, सारा उतार, मधातून नाला. पहिले दीडशे ढोरं राहत, यंदा नव्वद होती.

रानात ढोरांचं जे शेण पडते ते ढोरकीच्या बायकोचं. ही रीत लय जुनी, दुसरी कोणी बाई त्याले हात लावत नाई. मी ते वेचते अन् गोवऱ्या थापते. माही सासू म्हणे, "ढोराचं पोट समोरून नाई, मांगून पाहावं." शेणाचा पो भारी पडला तर ढोर धालं, चुटुकभर पडला तर उपाशी राह्यलं. हे तिनं मले नवी नवरी असताना शिकवलं अन् मी ते देवाच्या नावासारखं धरून ठेवलं.

यंदा ऐन सोयाबीन काढाच्या वक्ती पाणी आला. चार दिवस थांबलाच नाई. सोयाबीन तर गेलंच, कुटारही, म्हणजे ढोरायचा भुसा, ढिगातल्या ढिगात सडलं, काळं पडलं. ढोरायनं त्याले तोंड लावलं नाई. तवा साऱ्या गावाच्या ढोरायले खाले एक गायरानच राह्यलं. अन् नेमकी तवाच सरपंचायनं बांबूची योजना आणली.

सरपंच उत्तमराव वाईट माणूस नाई, हे आधीच सांगून ठेवते. पोरीच्या लग्नात आमच्या मांडवात तो सकाळपासून पाणी वाढत होता. त्याचं म्हणणं सीधं होतं. गायरानात बांबू लावाचा, तार कुंपण कराचं, दहा वर्षं चराई बंद. गावाले काम भेटीन, मांगून बांबू इकता येईन.

"अन् ढोरं?" जानरावनं ग्रामसभेत उठून इचारलं.

"ढोरायले काय भेटते बे तिथं? सारं कुसळी गवत. पोट भरते, अंगी लागत नाई. बरगड्या पाह्य ढोरायच्या."

जानराव कधी सभेत बोलत नाई, त्या दिवशी बोलले. "सरपंच, ढोर कुसळ खातच नाई. कुसळाखालचं पातं खाते. तुमी रस्त्यावरून पाहता म्हणून तुमाले कुसळ दिसते. मी ढोराच्या तोंडापाशी राहतो."

लोक हसले. एक जण म्हणे, "मंग तूही चरत असशीन." जानरावचं तोंड लाल झालं.

"अंगी लागते का नाई, मोजणारा आणा. या सभेसमोर सांगतो, मोजा."

हे त्यायनंच मागतलं. मले आजही वाटते, त्या दिवशी हसणारायनं तोंड बंद ठेवलं असतं तर हे काही झालंच नसतं. उत्तमराव शब्दाचा पक्का. त्यानं इकडे तिकडे फोन लावले अन् ढोरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजातली एक पोरगी आणली. तिले तिच्या मोठ्या परीक्षेसाठी असंच गायरान पाह्यजे होतं. सभेत ठरलं, ढोर जेवढं गवत खाते त्यातलं निम्म्याच्या वर अंगी लागलं तर गायरान मोकळं, कमी लागलं तर बांबू. साऱ्यायनं माना हालवल्या. आमीही हालवल्या.

पोरीचं नाव धम्मशीला. बुलढाण्याकडचीच, बाप एसटीत. बारकी, डोयाले चष्मा, पायात मर्दानी बूट. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. ती जीपमधून उतरली ते पट्टे, पिशव्या, तानकाटा, कागदाच्या पुड्या असं बिऱ्हाडच घेऊन. शाळेच्या एका खोलीत तिनं मुक्काम टाकला.

"काका, तीन गोऱ्हे पाहिजेत," ती जानरावले म्हणाली. "गाय नको. गाईचं मूत पिशवीत शेणात मिसळतं, मग वजन चुकतं."

आमचा भुऱ्या होताच. शकीलाचा पाखऱ्या घेतला अन् उत्तमरावचा तांब्या. शकीला माही शेजारीण. तिचा नवरा गेला तवापासून एक गाय अन् तो गोऱ्हा यायच्यावर तिचं घर चाले.

पिशव्या बांधल्या त्या दिवशी अर्धं गाव आखरावर जमा झालं. पाठीवरून पट्टा, पोटाखालून पट्टा अन् मांगं शेपटीखाली मेणकापडाची मोठी पिशवी. पोट्टे बोंबलून राह्यले, "गोऱ्ह्याले चड्डी! गोऱ्ह्याले चड्डी घातली बे!" भुऱ्यानं दोन लाता झाडल्या. जानरावनं त्याच्या गळ्याखालची पोळी खाजवली, कानात काहीतरी म्हटलं, तवा तो गपचूप उभा राह्यला. मले हसू आलं अन् जराक लाजही वाटली, आपलंच लेकरू लोकायसमोर तसं उभं केल्यासारखी.

जानरावचं काम घास मोजाचं. पोरीनं त्यायच्या हातात घड्याळाएवढं एक यंत्र देल्लं. गोऱ्ह्यानं गवताचा घास तोडला का अंगठ्यानं एक वार दाबाचं, आकडा पुढं सरकते. अन् मधून मधून गोऱ्ह्यानं जसा घास तोडला तसाच आपल्या हातानं तोडाचा, तेवढाच, तिथलाच, अन् पुडीत भराचा. ते घास मंग ती तोलणार. किती घास अन् एक घास केवढा, यावरून दिवसाचं खाणं निघते, असं तिनं सांगतलं.

पहिले तिनं स्वतः तोडून दाखवलं. अख्खा झुपकाच उपटला, कुसळासकट.

जानराव खो खो हसले. "पोरी, असं तर हत्ती खाते. इकडे पाह्य." ते खाली बसले. डाव्या हाताच्या पंजानं कुसळाच्या काड्या बाजूले सारल्या अन् उजव्या हाताची तीन बोटं आत घालून, बुडाजवळचं हिरवं, नरम पातं मुरगाळून तोडलं. "ढोर जिभीनं असं गुंडाळते. काडी लागली का सोडून देते."

धम्मशीलानं भुऱ्याच्या तोंडापाशी वाकून लय वेळ पाह्यलं. मंग म्हणाली, "काका, हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. मला आज दिसलं."

त्या दिवशी जानराव घरी आले ते नवरदेवासारखे. भाकर खाता खाता दोन वार त्यायनं मले ते सांगतलं, पुस्तकात एक ओळ असते म्हणून.

माह्यं काम पिशव्याचं. दिवसातून दोन वार पिशवी सोडाची, शेण बादलीत घ्याचं, तानकाट्याले लटकवाचं, आकडा लिहाचा, चिमूटभर पुडीत भराचं. सातवीपर्यंत शिकलेली हाओ, आकडे येतात मले. मी पोरीले इचारलं, "हे कायले पाह्यजे वं तुले एवढं?"

"वजन पाहिजे, काकू."

"वजनावरून काय समजते?"

तिनं मान हालवली. "ते आता नाही सांगत. सांगितलं की माणसाचा हात नकळत तिकडे वळतो. सगळं झालं की सांगते."

तवाच मी ते बोलली. "नको सांगू. शेणाबद्दल मले कोणी काही शिकवू नये."

ती हसली. मीही हसली.

दोन दिवस ती माह्यासंग होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काकू, तुमचा हात चांगला बसला. आता तुम्हीच करा, मी नाल्याकडचं गवत कापायला जाते." अन् ती गेली.

दुपारची वेळ. मी सालईच्या झाडाखाली भुऱ्याची पिशवी सोडली. काट्यावर पाच किलो अन् वर जराक. तेवढ्यात उत्तमराव फटफटी घेऊन आला. त्याचा तांब्याही पिशवी बांधून उभा होता, म्हणून पाहाले आला असंन. बादलीत वाकून पाह्यलं अन् म्हणे, "बस? एवढंच?"

"हे अर्ध्या दिवसाचं हाये."

"तरीबी काय झालं, वहिनी? माह्या घरी ढेप खाणारा बैल एका वक्ताले एवढं टाकते. एवढ्याशा शेणावर गायरान वाचवून राह्यले का तुमी?" तो वाईट बोलला नाई. हसूनच बोलला, फटफटीले लात मारली अन् गेला.

मी बादलीवरची नजर वर केली. समोर उतारावर जानराव दिसत होते. पाखऱ्याच्या तोंडापाशी कमरेत वाकलेले, ढोर सरकलं का तेही खेकड्यासारखे आडवे सरकत, अंगठा यंत्रावर चालूच. गुडघा दुखते त्यायचा. मधातच बसत, घास तोडत, पुन्हा हाताचा टेका घेऊन उठत. पँटीले कुसळं अशी लागलेली का खालचं कापड दिसत नव्हतं. बोटायले गवताचे चिरे पडलेले, रोज सांजच्याले मी त्याले हळद-तेल लावत होती. अन् माह्या बादलीत पाच किलो.

बाजूले माह्यं टोपलं भरून होतं. त्याच गायरानातल्या, तेच गवत खाल्लेल्या ढोरायचं सकाळचं ताजं शेण. माह्या हक्काचं. मी दोन ओंजळी घेतल्या अन् बादलीत टाकल्या. काट्यावर सात झाले. मंग भुऱ्याले टाकलं तर पाखऱ्या-तांब्यानं काय घोडं मारलं म्हणून त्यायच्याही बादलीत टाकलं.

पाप करून राह्यली असं मले वाटलंच नाई. देवाच्या निवदावर तुपाची धार सोडावी, तसं वाटलं. सातव्या दिवसापर्यंत, रोज दोन वार, तिघायले दोन दोन ओंजळी.

सांजच्याले जानराव इचारत, "आज किती भरलं वं?"

"सात अन् सात. चौदा."

"पाह्य! धाले का नाई पोट्टे?" ते मांडीवर थाप मारत. तेही ढोरकीचंच पोरगं, त्यायचीही समज माह्यासारखीच.

सातव्या दिवशी पिशव्या सुटल्या. धम्मशीलानं माह्या हाताचे मुके घेतले, शेणाच्या हाताचे. आकड्यायचा कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला. "महिनाभरात सगळं वाळवून, तोलून निकाल काढते," म्हणाली अन् जीपमधे बसली. जानरावनं तिच्या संग पाच किलो जवारी देल्ली. ती नाई नाई म्हणत होती.

निकालाची सभा शाळेत भरली. थंडी होती, सारे गोधड्या, शाली घेऊन आलेले. धम्मशीला फळ्यापाशी उभी होती. तिचं तोंड उतरलेलं होतं.

"आधी हिशोब कसा असतो ते सांगते," ती म्हणाली अन् खडू घेतला. "समजा जनावरानं शंभर किलो गवत खाल्लं. त्यातलं जे अंगी लागलं ते आत राहिलं. जे लागलं नाही ते शेणातून बाहेर पडलं. खाण्यातून शेण वजा केलं की अंगी लागलेलं कळतं. दोन्ही वाळवून तोलायचं, पाणी धरायचं नाही. म्हणजे तेवढ्याच खाण्यावर शेण जितकं जास्त, तितकं गवत कमी अंगी लागलं."

तिनं हे म्हटलं अन् माह्ये कान वाजाले लागले. पुढचं मले पाण्याखालून ऐकू आल्यासारखं आलं. जास्त शेण म्हणजे कमी. जास्त म्हणजे कमी. मी माह्ये दोन्ही हात लुगड्याखाली लपवले, जसं काही त्यायले अजून शेण लागलेलंच होतं.

"पहिले दोन दिवस जनावराला पिशवीची सवय नसते, म्हणून ते धरत नाहीत. पुढच्या पाच दिवसांचा हिशोब..." तिनं खडूनं आकडा लिहला. "शंभरातले चाळीस."

मंग जानराव उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूच.

"मॅडम, एक वार पुन्हा पाहता का?"

"काका, मी तीनदा पाहिलं." तिचे डोये भरून आले होते. "तुमचे घास अगदी बरोबर आहेत. मी स्वतः मोजून ताडून पाहिले, एकाचाही फरक नाही. पण शेण जास्त आहे."

मी उठली. कशी उठली मले मालूम नाई. भर सभेत एवढ्या माणसायसमोर मी जन्मात कधी उभी राह्यली नव्हती.

"शेण म्या टाकलं," मी म्हटलं. "माह्या टोपल्यातलं. रोज दोन ओंजळी, तिघायले. मले वाटलं जास्त भरलं तर चांगलं."

अन् मंग मांगून कोणीतरी फिसकन हसलं, अन् सारी शाळा हसली.

"वहिनी, बसा," उत्तमराव म्हणे. "निकाल लागण्याच्या आधी सांगतलं असतं तर ऐकलं असतं. आता हरल्यावर कोणतीही बाई म्हणीन का मी टाकलं."

"नवऱ्यासाठी बोलून राह्यली बिचारी," एक म्हातारा म्हणाला.

धम्मशीला माह्याजवळ आली. "काकू, खरंच? खरं असेल तर मला हे सगळं फेकून पुन्हा सात दिवस मोजावं लागेल. अन् आता गवत वाळलं, ते पुढच्या वर्षीच होईल."

"पुढच्या वर्षी?" उत्तमरावनं हात जोडले. "मॅडम, योजनेचा कागद या महिन्यात गेला नाई तर योजनाच जाते. गावानं एक वार ठरवलं, मोजून ठरवलं. जानरावनंच मागतलं होतं."

अन् मंग जानरावनं माह्या दंडाले धरलं. लय हळू धरलं. "बस, आशा. कायले खोटं बोलतं माह्यासाठी? मोजा म्हणणारा मीच होतो. हरलो तर हरलो." सभेकडे वळून हात जोडले. "बायको भोळी हाये. माफ करा."

मी बसली.

मले घरी आल्यावर शिव्या देल्ल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ते माह्याशी लग्नाच्या पहिल्या वर्षासारखे वागाले लागले. सकाळी हापशीवरून स्वतः पाणी आणत. मी चुलीपाशी असली का बाजूले येऊन बसत. शकीला आली का तिले सांगत, "साऱ्या गावासमोर उभी राह्यली वं. जिले चार माणसात बोलता येत नाई ती माह्यासाठी खोटं बोलली. बायको असावी तर अशी."

शकीला म्हणे, "नसीबवाले हो भाऊ तुमी." अन् मी तिथंच पिठात हात घालून बसलेली. दोनदा, तीनदा म्हटलं त्यायले, अवो, खरंच टाकलं होतं. ते हसत अन् म्हणत, "पुरे आता. माह्यापाशीबी तेच?" ते असं म्हणाले का मी ताट बाजूले सारून उठत होती.

कुंपण पडलं. खांब रोवले, तार ओढली. नव्वद ढोरायले आता चाराले जागा नव्हती. कोणी दोन दिवस कोठ्यात बांधून पाह्यलं, कोणी चार दिवस. कुटार तर सडलेलंच. मंग एक एक करून ढोरं बाजारच्या गाडीत चढली. पाखऱ्या गेला. शकीलाची गायही गेली. गाडी सुटल्यावर शकीला रिकाम्या दाव्यापाशी बसून म्हणाली, "किडे पडो त्या गवतात. मेलं अंगी लागलं असतं तर माही गाय माह्या दारात असती." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, अन् माह्याच हाताची मले किळस आली.

भुऱ्यालेही इकलं. जानराव बाजारात गेले नाईत, शेजाऱ्यासंग पाठवलं. त्या दिवसापासून सकाळी आठ वाजले का ते घराच्या बाहेर येऊन उभे राहत अन् मंग वापस आत जात. आखरावर कोणीच येत नव्हतं.

माघात बांबूच्या खड्ड्यायचं काम निघालं. उन्हाळाभर खड्डे तापले पाह्यजेत म्हणून आधीच खंदाचे. जानरावनं आपलं नाव लिहलं. ज्या उतारावर चाळीस वर्षं ढोरं चारली, तिथं टिकास घेऊन गेले. मी दुपारची भाकर घेऊन जात होती. कुंपणाच्या फाटकातून, वाकून.

एक दिवस गेली तर ते अर्ध्या खड्ड्यात बसलेले. हातात मुळासकट निघालेलं गवताचं थोंब. वरची काडी वाळलेली अन् बुडाशी अजूनही बोटभर हिरवं पातं. माह्याकडे पाह्यलं नाई. बोलले ते थोंबाकडेच पाहून.

"आशा, माह्या बापानं मले पाच वर्षांचा असताना दाखवलं होतं. कुसळ बाजूले सार, हे पातं पाह्य, यात ढोराचा जीव हाये, म्हणे. म्या जन्मभर त्याच्यावर भरोसा ठेवला. खोटंच होतं का वं ते? मूर्ख होता का माहा बाप? तोही अन् मीही?"

अन् ते रडाले लागले. साठीचा माणूस, खड्ड्यात बसून, थोंब हातात धरून. मी त्यायले सासू मेली तवाही असं रडताना पाह्यलं नव्हतं.

मले राहवलं नाई. मी खड्ड्यात उतरली. त्यायच्यासमोर बसली. बाजूच्या ढिगातली ओली माती दोन्ही हातात घेतली.

"इकडे पाहा," मी म्हटलं. "एवढी एक ओंजळ. अशा दोन. दुपारी अन् सांजच्याले. तिसऱ्या दिवसापासून. उत्तमराव हसून गेला त्या दुपारपासून. पहिले भुऱ्याले, मंग पाखऱ्याले, मंग तांब्याले. काट्यावर पाच होते, मी सात केले. तुमी रोज इचारत होते अन् मी चौदा सांगत होती, ते चौदा माह्ये होते. माह्या पोरीची आण घेऊन सांगते."

त्यायचं रडणं थांबलं. ते माह्या हातातल्या मातीकडे पाहत राह्यले. मंग माह्या तोंडाकडे. लय वेळ. मी डोये खाली घातले नाईत.

"पाच होते?"

"पाच अन् वर जराक."

त्यायनं खिशातून मोबाइल काढला, हात पुसले अन् धम्मशीलाले लावला. मोबाइल मोठ्या आवाजावर ठेवला. सारं सांगतलं, पाच अन् सात, दोन वार, तिघायले. तिकडून कागद चाळल्यासारखं वाजलं.

"काका," ती म्हणाली, "तसं धरलं तर... पंचावन्न येतात. कदाचित छप्पन. माझ्याकडे पहिल्या दोन दिवसांचे आकडे आहेत, तेही तेवढेच येतात. मी तेव्हाच..." तिचा आवाज फुटला. "मी काकूंना आधीच सांगायला पाहिजे होतं. काका, मी सरपंचांना पत्र लिहिते. फक्त काकूंना लेखी द्यावं लागेल की त्यांनी टाकलं. बांबू अजून लागला नाही. निदान पुढच्या वर्षी पुन्हा मोजा असं तरी..."

"पंचावन," जानराव म्हणाले.

"हो काका."

"घास बरोबर होते ना माह्ये?"

"एकूण एक."

त्यायनं डोये मिटले. ओठ हालत होते. बापाचं नाव घेतलं असंन, मले ऐकू आलं नाई. मंग म्हणाले, "पत्र नको लिहू, पोरी. मले फक्त ऐकाचं होतं." अन् मोबाइल बंद केला.

"काऊन नको?" मी त्यायचा हात धरला. "मी देते लिहून. सही करते. साऱ्या गावासमोर पुन्हा सांगते. यावेळी ती पोरगी संग राहीन, मंग ऐकतीन लोक."

"ऐकतीन. तेच तर." त्यायनं उताराकडे हात केला. खाली शकीला खड्डा खंदून राह्यली होती, तिच्या बाजूले आणखी तीस-चाळीस बायामाणसं. "यायची सारी ढोरं गेली, आशा. गवत खराब होतं म्हणून गेली असं समजून गप हायेत. गवत चांगलं होतं अन् जानरावच्या बायकोच्या हातानं गेली, हे समजल्यावर तुले या गावात कोणी हापशीवर उभं राहू देईन का? शकीला तुह्या दारात पाय ठेवीन का?"

"नाई ठेवला तर नाई. तुमच्या बापाले मूर्ख म्हणून राह्यले लोक."

"तो मेला. त्याले ऐकू येत नाई." ते माह्या ओंजळीतली माती आपल्या हातानं झाडू लागले, एक एक बोट करून. "मले समजलं, मले पुरे. तू आता पुन्हा कोणाले सांगाचं नाई. माही आण हाये तुले."

मी हुंदके देऊन रडली. त्यायनं मले रडू देल्लं. मंग भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी मोडून माह्या हातात देल्ली.

आमी जेवून राह्यलो होतो तेवढ्यात उत्तमराव खड्ड्यायची खोली पाहत पाहत वर आला. संग योजनेचा कोणी साहेब होता, त्याले तो गायरान दाखवून राह्यला होता. आमच्या खड्ड्यापाशी थांबला. जानरावच्या बाजूले पडलेलं थोंब त्यानं बुटाच्या टोकानं पलटवलं.

"साहेब, हे आमचे जानराव. यायनंच मोजा म्हटलं होतं. लय भांडले या गवतासाठी." अन् मंग, हसून, पण माया करून म्हणाला, "काय जानराव, आता तरी पटलं ना? सारं कुसळच होतं का नाई?"

जानरावनं घास गिळला. माह्याकडे पाह्यलं नाई. मी मात्र त्यायच्याकडेच पाहत होती, अन् माह्या आतून सारं ओरडत होतं, बोला, पंचावन म्हणा, छप्पन म्हणा.

"हाव, सरपंच," ते म्हणाले. "नाई लागत होतं अंगी."

मंग त्यायनं फडकं झटकून माह्याकडे देल्लं, टिकास घेतलं अन् उरलेला खड्डा खंदाले लागले.